आलेख जूनमध्ये, निर्देशक दिवाळीनंतर

[दृश्य : टेबलावर नववीची दोन पाठ्यपुस्तकं]

ही बालभारतीची पुस्तकं, २०१७ साली आलेली. पहिलं विज्ञानाचं. पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. शाळा सुरू होते न होते तोच मुलांच्या वहीत अंतर-काल आलेख येतो, पाठोपाठ वेग-काल आलेख. गतीची समीकरणंही आलेखावरूनच काढायची असतात.

दुसरं पुस्तक गणित भाग २. आरंभबिंदू, चरण, बिंदूचे निर्देशक हे सगळं यात आहे, पण सातव्या प्रकरणात. बहुतेक वर्गांत ते दुसऱ्या सत्रात उघडतं. स्तंभालेखांमुळे मुलांनी अक्ष पाहिलेले असतात, हे खरं. पण बिंदू नेमके मांडून त्यांतून रेषा काढायला तेवढं पुरत नाही. मग विज्ञानाच्या बाई स्वतःच्या तासिका मोडून गणित शिकवतात, आणि गणिताच्या सरांपर्यंत ते पोहोचतही नाही. टाचण दोघांचंही पूर्ण असतं.

[दृश्य : भिंतीवर चिकटवलेला मोठा कागद; आडवे महिने, उभे विषय]

अभ्यासक्रमाचा नकाशा, म्हणजे कोणत्या विषयात कोणत्या महिन्यात काय शिकवलं जातं याची एकत्र मांडणी, तयार करायचा तो यासाठी. असा नकाशा ठेवणारं सॉफ्टवेअर बघायला जाण्याआधी एका इयत्तेचा नकाशा असा हातानं करावा, असं माझं ठाम मत आहे. आपल्याला काय शोधायचंय ते त्या कागदासमोर उभं राहिल्यावर कळतं. लहान शाळेला पुढेही साधी स्प्रेडशीट पुरेल.

अमेरिकेत फेनविक इंग्लिश यांनी १९८० मध्ये अशा नकाशाबद्दल लिहिलं, तेव्हा त्यांचा भर वर्गात प्रत्यक्ष काय शिकवलं गेलं यावर होता. म्हणून सॉफ्टवेअरबद्दल माझा पहिला प्रश्न असतो : ठरवलेलं आणि झालेलं, दोन्ही वेगवेगळं नोंदवता येतं का? नुसतं वार्षिक नियोजन भरायची सोय असेल, तर त्यासाठी पैसे खर्च करू नयेत.

आंतरराष्ट्रीय शाळांमध्ये मॅनेजबॅक, टॉडल, ॲटलस या सॉफ्टवेअरची नावं ओळखीची आहेत. राज्य मंडळाच्या शाळेनं मात्र विचारावं : आमच्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे शिकून झाल्यावर मुलांना काय यायला हवं ते, यात आहेत का? पुस्तकात त्यांना क्रमांक असतो. ०८.७२.०१ म्हणजे आठवी, विज्ञान, पहिली निष्पत्ती. त्या नसतील, तर भरणार कोण? शिक्षकांनीच भरायच्या असतील, तर त्या कामाला वेळ कुठून द्यायचा, हे मुख्याध्यापकांनी खरेदीआधी ठरवावं. शिवाय यादी बदलणार आहे. २०२५-२६ मध्ये पहिलीला नवा अभ्यासक्रम आला, पुढच्या इयत्ता टप्प्याटप्प्यानं येतील. जुनी यादी काढून नवी घातल्यावर शिक्षकांच्या नोंदी जागेवर राहतात का, हे समोर बसून करून बघावं.

[दृश्य : संगणकावर जुनं नियोजन, चिकटवताच अक्षरांचा गोंधळ]

आता भाषा. कितीतरी शाळांची जुनी नियोजनं श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये आहेत. ती नव्या ठिकाणी चिकटवली की वाचता येत नाहीत. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा रूपात, आणावी लागतात. मग ‘पृष्ठफळ’, ‘निष्पत्ती’, ‘दुसऱ्या’ हे शब्द टाइप करून शोधा. पीडीएफ काढून छापून बघा. जोडाक्षरं तुटली, ‘ऱ्य’ बिघडला, तर ते सॉफ्टवेअर मराठी शाळेसाठी नाही. “इंग्रजीतच भरा की,” असा सल्ला मिळेल. मला तो मान्य नाही. जी बाई मराठीत शिकवते, तिला आपल्या वर्गाबद्दल मराठीत लिहिता आलं पाहिजे. परक्या भाषेत ती धड्याचं नाव लिहील आणि थांबेल. मुलं कुठे अडली, ते लिहिणार नाही.

बाकी दोन गोष्टी. करार संपल्यावर सगळ्या नोंदी स्प्रेडशीटमध्ये परत मिळाव्यात. आणि मुलांची नावं, जन्मतारखा कुणी मागितल्या, तर देऊ नयेत. नकाशाला त्या लागत नाहीत.

[दृश्य : शिक्षकांची खोली, विक्रेत्याचं प्रात्यक्षिक]

प्रात्यक्षिकाला आलेले लोक त्यांचा तयार नमुना दाखवतील. तो बाजूला ठेवून आपल्या नववीचं वर्ष त्यात भरायला सांगा. मग शोधायच्या चौकटीत एकच शब्द लिहा : आलेख.

[दृश्य : पडद्यावर दोन नोंदी शेजारी शेजारी – विज्ञान, जून; गणित, डिसेंबर]

गणिताचे सर खुर्ची ओढून विज्ञानाच्या बाईंशेजारी बसतात.

“बाई, निर्देशकांच्या चार तासिका मी जूनमध्येच घेतो. तुमचा धडा कोणत्या आठवड्यात?”