गोंगाट करणारी विमानं

नमस्कार श्रोतेहो.

मध्यम लहरींवर रात्री एखादं दूरचं केंद्र लावून पाहिलं असेल, तर हा अनुभव तुमच्या ओळखीचा असेल. बातम्या नीट ऐकू येत असतात आणि मधेच दुसऱ्या केंद्राचं गाणं त्यांत घुसतं. शिट्टी वाजते, निवेदकाचा एक शब्द धड कळत नाही. तुमचा संच बिघडलेला नसतो, बातम्यांचं केंद्रही बंद पडलेलं नसतं. फक्त त्याच पट्टीत आणखी कुणीतरी बोलत असतं. हाच उपद्रव शत्रूच्या रडारला मुद्दाम द्यायचा, एवढ्यासाठी काही लष्करी विमानं बांधलेली असतात. ती आधुनिक करायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे आज बघू.

आधी रडारचं गणित. रडार म्हणजे डोंगरासमोर उभं राहून हाळी घालणं. हाळी जाते, डोंगरावर आपटून परत येते, आणि जाताना-येताना दोन्ही वेळा विरळ होते. विमान दुप्पट लांब गेलं, तर रडारकडे परतणारा प्रतिध्वनी सोळाव्या हिश्शावर येतो. गोंगाट करणाऱ्या विमानाची, म्हणजे जॅमरची, लहर मात्र एकाच बाजूचा प्रवास करते. अंतर दुप्पट झालं तरी तिचा चौथा हिस्सा उरतो. लांबवर जॅमरचं पारडं जड असतं ते यामुळे. जसजसं जवळ जावं तसतसा प्रतिध्वनी वरचढ होत जातो, आणि एका अंतरानंतर रडारला गोंगाटातूनही विमान दिसू लागतं. ते अंतर जितकं कमी करता येईल, तितकी हल्ला करणारी विमानं जास्त जवळ जाऊ शकतात. सगळी धडपड त्याचसाठी.

अमेरिकी नौदलाचं प्राउलर हे या जातीचं गाजलेलं विमान. १९७१ मध्ये ते सेवेत आलं. आत चार माणसं: एक वैमानिक, बाकी तिघं लहरींचा कारभार बघणारी. त्याच्या काचेवर सोन्याचा अगदी पातळ थर असे. हौस म्हणून नव्हे, स्वतःच्याच जॅमरच्या लहरींपासून माणसांचं रक्षण व्हावं म्हणून! नौदलाच्या जोडीने लढणाऱ्या अमेरिकी मरीन कोअर या सैन्यदलाने शेवटची प्राउलर विमानं २०१९ मध्ये निवृत्त केली.

नौदलात प्राउलरची जागा घेतली ग्राउलरने. सुपर हॉर्नेट या लढाऊ विमानाचंच हे रूप. नाकातली तोफ काढून तिथे इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवली आणि पंखांच्या टोकांना, जिथे एरवी क्षेपणास्त्रं लटकतात, तिथे लहरी टिपणारे पॉड, म्हणजे यंत्रांनी भरलेल्या लांबट पेट्या, लावले. माणसं उरली दोन. २०११ मध्ये लिबियात ही विमानं पहिल्यांदा प्रत्यक्ष लढाईत उतरली. गंमत अशी, की त्यांच्या पोटाखालचे जॅमर पॉड तेच होते जे प्राउलर वाहून नेत असे: व्हिएतनाम युद्धाच्या काळातले एएलक्यू-९९. या पॉडच्या तोंडाशी छोटी पवनचक्की असते. उडताना समोरून येणाऱ्या वाऱ्यावर ती फिरते आणि जॅमरला लागणारी वीज तयार करते. विमान नवं कोरं, आवाज मात्र चाळीस वर्षांपूर्वीच्या रचनेचा.

तो आवाज आता बदलतो आहे. रेथिऑन या कंपनीने बनवलेले एएलक्यू-२४९ हे नवे पॉड २०२४ मध्ये विमानवाहू नौकेवरून मोहिमेवर गेले. यांत लहर फेकणारे असंख्य छोटे घटक एका सपाट पृष्ठभागावर मांडलेले असतात आणि त्यांत गॅलियम नायट्राइड हा अर्धवाहक वापरलेला असतो. तो जास्त वीज आणि जास्त उष्णता सोसतो. अँटेना न हलवता झोत इलेक्ट्रॉनिक पद्धतीने हवा तिकडे वळवता येतो, एकाच वेळी अनेक रडारांवर लक्ष ठेवता येतं. पण हे पॉड मधल्या पट्टीपुरतेच आहेत. खालच्या पट्टीतल्या, लांबून चाहूल घेणाऱ्या रडारांसाठी ग्राउलरला जुनेच पॉड सोबत न्यावे लागतात.

अमेरिकी हवाई दलाने नेमकी उलटी वाट धरली. शत्रूचे संदेश तोडणारं त्यांचं कंपास कॉल विमान होतं चार पंख्यांचं संथ हर्क्युलिस हे मालवाहू विमान. त्यातल्या यंत्रणेचं बरंचसं बिऱ्हाड उचलून त्यांनी गल्फस्ट्रीम या व्यावसायिक जेटमध्ये हलवलं. आधी त्याचं नाव ईसी-३७बी होतं, २०२३ मध्ये ते ईए-३७बी झालं. त्यातला 'ए' हल्ल्याचा, म्हणजे 'अटॅक'चा. नुसती उंची वाढल्याने काय फरक पडतो बघा: २५ हजार फुटांवरून रेडिओ क्षितिज, म्हणजे लहर थेट पोचू शकते ती हद्द, साधारण ३६० किलोमीटरवर असतं, ४० हजार फुटांवरून ते ४५० च्या पुढे जातं. यंत्रात एक स्क्रूही न बदलता.

म्हणजे एकीकडे जुन्या यंत्राला नवं घर, दुसरीकडे नव्या विमानाला उशिरा मिळालेलं नवं यंत्र. मला विचाराल, तर दोन्ही ठिकाणी अवघड काम तिसरंच आहे. जुनं रडार ठरावीक सुरात बोलायचं. त्याची ओळख विमानातल्या यादीत आधीच नोंदवलेली असायची. सूर जुळला की ठरलेलं उत्तर द्यायचं. आजचं रडार सॉफ्टवेअरवर चालतं, सूर क्षणाक्षणाला बदलतं. यादीत नसलेला सूर आला की कितीही जोरदार पॉड असला तरी तो अंधारात ओरडत राहतो.

शिवाय हल्ली नुसतं ओरडूनही भागत नाही. रडारची लहर टिपायची, स्मृतीत साठवायची आणि किंचित उशिराने तीच परत पाठवायची, अशीही एक चलाखी आहे. एक मायक्रोसेकंद उशीर केला की रडारला विमान दीडशे मीटर मागे असल्याचा भास होतो. पण त्यासाठी लहर ओळखू यायला हवी, तीही चालू असताना. म्हणूनच आता यंत्रानेच अनोळखी सूर समजून घ्यावा आणि उत्तर शोधावं, यावर भर दिला जातो आहे.

मग विमानात माणूस कशाला? प्राउलरमध्ये तिघं मिळून हे काम करत, ग्राउलरमध्ये मागच्या आसनावर एकटाच आहे. शत्रूचा सूर शोधण्याचं त्याचं बरंचसं काम यंत्राने घेतलंय. पण ज्या पट्टीत तो आता गोंगाट सोडणार आहे, त्याच पट्टीत खाली आपली एखादी तुकडी मदत मागत असेल का, हे बटण दाबण्यापूर्वी त्यालाच ठरवायचं असतं.

नमस्कार.