तिसरा तोडा

(पडदा काळा. फक्त आवाज: एकेक फळ टोपलीत पडतंय. मग हळूहळू उजाडतं.)

पहिल्या टोमॅटोच्या आम्ही चार फोडी केल्या होत्या. चौघांना एकेक. मीठ लावून, झाडाशेजारीच उभ्या उभ्या खाल्ल्या. दुसऱ्या तोड्याला वाटीभर निघाले, तेही कौतुकात संपले. हा तिसरा तोडा. दोन टोपल्या भरल्या, बादली भरली, आता परातीत ओततेय. झाडाकडे बघावं तर अजून तेवढेच लाल लटकताहेत.

शेजारी वाटावेत म्हटलं, तर शेजाऱ्यांनीही लावलेत. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. इथं फुकटसुद्धा खपत नाही. परवा एका घरी पिशवीभर देऊन आले, आणि येताना माझ्या हातात पिशवी होतीच. त्यांच्या टोमॅटोंची.

एकदम एवढे येतात कशाला? चूक म्हणायची तर लावतानाच झाली. टोमॅटोच्या जाती ढोबळमानाने दोन तऱ्हेच्या. एक उंच जाते, वेलासारखी, महिनोन्‌महिने थोडं थोडं देत राहते. दुसरी झुडपासारखी. हिच्या शेंड्यालाच फुलांचा घोस येतो, मग वाढ थांबते आणि दोन-तीन आठवड्यांत सगळी फळं एकदम हातावर ठेवून झाड मोकळं होतं. मी या दुसऱ्या जातीची आठ झाडं लावली. रोपं वीतभर असताना आठ हा आकडा फार वाटत नाही.

(टेबलावर जुनी चादर. त्यावर टोमॅटो पसरलेले. हात निवडताना दिसतात.)

आधी निवडायचं. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलं की तीन दिवसांनी टोपलीच्या तळाशी जे सापडतं त्याचा वास आठवडाभर जात नाही.

हा बघा, देठाजवळ तडकलाय. कोरड्यानंतर एकदम पाणी मिळालं की आतला गर फुगतो आणि सालीला तेवढ्या वेगानं ताणता येत नाही. असे तडकलेले आजच शिजवायचे, उद्यावर टाकायचे नाहीत. याच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग आहे. हा रोग लागत नाही आणि पसरतही नाही. पाणी कधी कमी, कधी जास्त झालं की वाढत्या फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, त्याचा हा परिणाम. काळा भाग कापून उरलेला आज पातेल्यात, पण बरणीत नाही. बरणीत जाणारं फळ धडधाकटच हवं. आणि याला बुरशी आलीय, हा सरळ खताच्या ढिगात. मऊ, रसाळ फळात बुरशीचे धागे दिसतात त्याहून खोल गेलेले असतात, तेवढं कापून उरलेला खाण्यात अर्थ नाही.

आता ही फळं. हिरवट, पण बुडाशी गुलाबी झाक. पाडाला लागलेली. मला सगळ्यांत जास्त आवडतात ती हीच, कारण माझ्या हातात वेळ देणारी एवढीच आहेत. एकदा ही झाक आली की पिकण्याची कळ फळाच्या आतच दाबली गेलेली असते. इथिलीन नावाचा वायू फळ स्वतःच तयार करतं आणि त्यावर पुढचं काम चालतं. झाडावर राहिलं काय, टेबलावर राहिलं काय, चवीत फारसा फरक पडत नाही. यंदापासून मी निम्मी फळं अशीच उतरवते. तेवढंच पक्ष्यांच्या चोचीपासूनही वाचतं.

ठेवायची कशी? एका थरात, देठाची बाजू खाली करून. फळाचं पाणी जातं ते बहुतेक देठाच्या खुणेतून, सालीतून फारच थोडं. खिडकीत उन्हात मांडून ठेवायची गरज नाही. पिकायला ऊब लागते, उजेड लागत नाही. उलट तीस अंशांच्या वर तापमान गेलं की लाल रंगाचं द्रव्य, लायकोपीन, नीट तयार होत नाही आणि फळ पिवळट-नारिंगीच राहतं. घाई असेल तर पुठ्ठ्याच्या खोक्यात एखादं पिकलं केळं सोबत ठेवा. त्याचं इथिलीन यांना पुरतं.

आणि फ्रिज? यावरून घरोघरी भांडणं आहेत. 2016 साली अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांचा सहभाग असलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पिकलेले टोमॅटो पाच अंशांवर सात दिवस ठेवले, मग एक दिवस बाहेर काढून तपासले. गोडी, आंबटपणा जवळपास तसाच होता, पण वास देणारी द्रव्यं बरीच घटली होती. ती तयार करणारी जनुकं थंडीत गप्प बसतात आणि पुन्हा उबेत आणलं तरी पुरती जागी होत नाहीत. टोमॅटोची निम्मी चव नाकात असते. त्यामुळे माझा नियम असा: कच्चा टोमॅटो फ्रिजमध्ये कधीच नाही. पूर्ण पिकून मऊ पडायला आलेला असेल आणि आज वेळ नसेल, तर दोन दिवस चालेल. कुजण्यापेक्षा बेचव बरा.

(काटा. त्यावर भरलेली टोपली. आकडा दहा किलोवर थांबतो.)

दहा किलो. यातलं साडेनऊ किलोच्या आसपास पाणी. साल, गर, बिया, साखर, आंबटपणा, रंग, सगळं मिळून उरलं अर्धा किलो. टोमॅटो टिकत नाही तो या पाण्यामुळे, आणि आजचा माझा सगळा दिवस या पाण्याशी झटण्यात जाणार आहे.

ज्याला झटायचं नाही त्याच्यासाठी फ्रीजर आहे. धुवा, पुसा, देठाची जागा कोरून काढा, पिशवीत भरा, आत टाका. संपलं. चिरायचं नाही, सोलायचं नाही. बर्फाच्या स्फटिकांनी आतल्या पेशी फुटतात, म्हणून बाहेर काढल्यावर टोमॅटो लिबलिबीत होतो. त्याच्या फोडी करून ताटात वाढायची आशा सोडा. शिजवायला मात्र उत्तम. आणि गंमत अशी की गोठलेला टोमॅटो नळाखाली धरला की साल हातात येते, मोज्यासारखी. अडचण एकच, फ्रीजरचा कप्पा टोपलीएवढा नसतो.

(पातेलं. शेगडीवर वाफ.)

उरलेल्यांचा सॉस. इथं गेल्या वर्षीची गोष्ट सांगायलाच हवी.

रात्री उशिरा मी सगळे टोमॅटो चिरून ठेवले. सकाळी उठून शिजवीन म्हटलं. सकाळी पातेल्यात खाली पिवळसर पाणी आणि वर लाल गराचा तरंगता थर. शिजवून, ढवळून पुन्हा एकजीव केलं. बरणीत भरलं, तर तासाभरात पुन्हा तेच. गर वेगळा, पाणी वेगळं. वाटलं, जात खराब असेल.

जातीचा दोष नव्हता. टोमॅटोच्या रसाला दाटपणा देतं ते पेक्टिन. सुरी फिरली की पेशी फुटतात आणि पेक्टिनचे तुकडे करणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, मोकळी सुटतात. जितका वेळ चिरून ठेवाल तितकं त्यांचं काम होतं. ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या वर गेल्यावरच ती थंडावतात. मी त्यांना अख्खी रात्र दिली होती.

म्हणून आता असं करते. बघा. पातेलं आधीच आचेवर. पाच-सहा टोमॅटो घेतले, चार तुकडे केले, थेट आत. लाकडी डावानं ठेचले. खळखळून उकळी आली. आता पुढचे दोन चिरायचे आणि टाकायचे. उकळी मोडू द्यायची नाही. मग पुढचे दोन. चिरण्याचा वेग उकळीनं ठरवायचा. सोलून हवे असतील तर आधी बुडाला फुलीसारखी चीर देऊन अर्धा-एक मिनिट उकळत्या पाण्यात, तिथून थंड पाण्यात.

बियांभोवतीचा बुळबुळीत गर लोक चमच्यानं काढून टाकतात. फेकू नका. 2007 साली इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मोजलं गेलं, तेव्हा खमंग चव देणारं ग्लूटामिक आम्ल बाहेरच्या गरापेक्षा या आतल्या भागात कितीतरी जास्त निघालं. बिया नको असतील तर गाळून घ्या, रस परत पातेल्यात ओता.

भांडं स्टीलचं. अॅल्युमिनिअम आणि उघडं लोखंड आंबट रसात उतरतं, चव धातूची लागते. आणि भांडं पसरट हवं. पाणी उडून जातं ते वरच्या पृष्ठभागावरून, उंच पातेल्यात तीन तास लागणारं काम पसरट भांड्यात कितीतरी लवकर होतं.

(जवळून: दाट रस. एक बुडबुडा फुगतो, फुटतो. हात मागे.)

हा आवाज बदलला, ऐकलंत? आधी खळखळ होती, आता फट्, फट्. पाणी कमी झालं. इथून पुढं हा पदार्थ उडतो आणि पोळतो. आच मंद करा, बाह्या खाली ओढा आणि तळाशी डाव फिरवत राहा. साखर तळाला बसते, लागली की जळका वास सगळ्या पातेल्यात.

शिजवून सत्त्व जातं का, असं विचारतात. काही जातं, काही मोकळं होतं. 2002 साली कॉर्नेल विद्यापीठात टोमॅटो 88 अंशांवर अर्धा तास तापवून बघितले. क जीवनसत्त्व 29 टक्के घटलं आणि मिळणारं लायकोपीन अडीच पटीहून वर गेलं. माझ्यापुरतं सांगायचं तर मी चवीसाठी आटवते.

(रिकाम्या बरण्या. उकळत्या पाण्याचं मोठं भांडं.)

बरणीत अन्न भरून, बूच मारून उकळलं की ते टिकतं, हे निकोला अपेर या फ्रेंच हलवायानं दाखवलं. 1810 साली त्याला त्यासाठी बारा हजार फ्रँकचं सरकारी बक्षीस मिळालं. का टिकतं हे त्याला माहीत नव्हतं. जंतूंचा उलगडा पाश्चरनं केला तो पुढं अर्धशतकानं.

आपल्याला ते माहीत आहे, त्यामुळे इथं अंदाजपंचे चालणार नाही. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम नावाचा एक जीवाणू आहे. त्याचे बीजाणू साध्या उकळण्यानं मरत नाहीत, आणि हवाबंद बरणी त्यांना मानवते. वास नाही, रंग नाही, पण विष जीवघेणं. आंबटपणा पुरेसा असेल, म्हणजे सामू (आंबटपणाचं माप, pH; आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) 4.6 च्या खाली असेल, तर ते रुजत नाहीत. आपण टोमॅटोला आंबट समजतो, पण त्याचा सामू या रेघेच्या अल्याड-पल्याड घुटमळतो. जात, पिकण्याची अवस्था, सगळ्यानं बदलतो. जिभेला ते कळत नाही.

अमेरिकी कृषी विभागाच्या घरगुती मार्गदर्शिकेत यावर सरळ माप दिलंय: अर्ध्या लिटरच्या बरणीला पाव छोटा चमचा सायट्रिक अॅसिड, किंवा एक मोठा चमचा बाटलीतला लिंबाचा रस. लिटरच्या बरणीला दुप्पट. बाटलीतलाच रस अशासाठी, की त्याचा आंबटपणा ठरलेला असतो, ताज्या लिंबाचा नसतो. मग ठेचून उकळलेले गरम टोमॅटो भरून, झाकण लावून, बरण्या पूर्ण बुडतील एवढ्या उकळत्या पाण्यात अर्ध्या लिटरला 35 मिनिटं, लिटरला 45. हे समुद्रसपाटीजवळ. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं, तिथं वेळ वाढतो. आणि या मापात कांदा, लसूण, ढोबळी मिरची घालू नका. त्यांनी आंबटपणा पातळ होतो आणि सगळं गणित बिघडतं. ती बरणी उघडल्यावर घाला.

(ओव्हनचा काचेचा दरवाजा. आत अर्धे केलेले टोमॅटो, कापलेली बाजू वर.)

लहान, गरदार टोमॅटो मी वाळवते. अर्धे करायचे, किंचित मीठ, साठ अंशांच्या आसपास. सहा तास, दहा तास, कधी त्याहून जास्त. फळ किती रसाळ यावर आहे. दाबल्यावर पाणी सुटू नये, पण वाकवल्यावर मोडूही नये, चामट लागावं. दहा किलोचे जेमतेम पाऊण किलो होतात. एवढी मेहनत करून हातात एक बरणी, असं पहिल्या वर्षी वाईट वाटलं होतं. मग एक तुकडा तोंडात टाकला.

तेलात बुडवून ठेवायचे असतील तर थोडेच, फ्रिजमध्ये, आणि आठवड्याभरात संपवायचे. तेलाखाली हवा नसते, आणि सोबत लसूण घातला तर मघाचाच जीवाणू पुन्हा आठवावा लागतो.

एक फळ मात्र मी दरवर्षी बाजूला काढते. सगळ्यांत चांगल्या झाडाचं, पूर्ण पिकलेलं. बियांभोवतीच्या गरात त्यांना रुजू न देणारी द्रव्यं असतात, म्हणून गरासकट बिया पेल्यात दोन-तीन दिवस आंबवायच्या. वर पांढरी साय येते, वास येतो, घरचे नाकं मुरडतात. मग धुवायच्या. भरीव बिया तळाशी बसतात. ताटलीवर वाळवून पाकिटात. नीट कोरड्या राहिल्या तर चार वर्षं सहज उगवतात. संकरित जात असेल तर ही खटपट करू नका, पुढच्या वर्षी काय उगवेल ते सांगता येत नाही.

पाकिटावर यंदा जातीचं नाव लिहिलं आणि खाली मोठ्या अक्षरात: फक्त तीन झाडं.

(रात्र. ओट्यावर फडक्यावर उभ्या बरण्या. दिवा बंद. शांतता.)

बरणी गार होताना आतली वाफ निवते, आत पोकळी होते आणि झाकणाचा मधला फुगवटा खाली ओढला जातो. तेव्हा एक आवाज येतो.

(टक्.)

मी अंथरुणात पडून मोजते.

(टक्. थोड्या वेळानं, टक्.)

दहा झाले. बरण्या अकरा आहेत.

(सकाळ. बोट एकेका झाकणावर दाबतं. शेवटचं झाकण खाली जातं आणि पुन्हा वर येतं.)

ही फ्रिजमध्ये. आज दुपारीच उघडायची.