पितळी डबा

(दृश्य: नागपूर, सिव्हिल लाइन्स. सभागृहाबाहेर काळे झगे घातलेली मुलं, बाजूला आईवडील.)

सकाळचे साडेदहा. इंजिनिअरिंगच्या एका महाविद्यालयाचा पदवीप्रदान समारंभ. आत पंखे फिरताहेत, तरी उकाडा हटत नाही. ज्याच्या त्याच्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेचा पंखा झालाय. पुढच्या रांगांत मुलं, मागे घरची माणसं. कुणी काटोलहून पहाटेच्या एसटीनं आलंय, कुणी उमरेडहून. यातल्या कित्येकांच्या घरातली ही पहिलीच पदवी.

दीक्षान्त भाषण हे अवघड काम. मुलांचं चित्त नाव कधी पुकारतात याकडे, आईचं फोटोकडे. समोरचा वक्ता अनोळखी. त्यानं पंधरा-वीस मिनिटांत या सगळ्यांना आपलंसं करायचं आणि वर चार शब्द पटवूनही द्यायचे.

पहिले पाहुणे उभे राहिले. त्याआधी त्यांचा परिचय वाचून झाला होता: पदं, पुरस्कार, परदेश दौरे. ते म्हणाले, स्वप्नं मोठी बघा, आईवडिलांचे कष्ट विसरू नका. बोलताना त्यांचा गळाही दाटून आला. त्यात खोटं काहीच नव्हतं, असं मला मनापासून वाटतं. पण हातातल्या पत्रिका हलत राहिल्या. त्यांचे आईवडील कोण, कुठले, त्यांनी काय सोसलं, हे आम्हाला कळलंच नाही. मग त्या दाटलेल्या गळ्याला आम्ही जोडले जाणार तरी कसे?

(दृश्य: माइकची उंची कमी करणारा हात.)

मग एक बाई आल्या. सरकारी नोकरीत अभियंता, शिक्षण नागपूरचंच. पहिलं वाक्य: "एम-थ्रीमध्ये माझी दोनदा बॅक लागली."

सभागृहात एकच कल्ला झाला. नागपुरात इंजिनिअरिंग केलेल्या कुणालाही एम-थ्री म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. तिसऱ्या सेमिस्टरचं ते गणित; बॅक लागली म्हणजे त्यात नापास. उन्हाळी परीक्षा, घशाला कोरड, घरात कूलरची घरघर आणि समोर लाप्लासची गणितं. ही बाई आपल्यातली आहे, हे त्या एका वाक्यात ठरून गेलं.

दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनं हेच नेमकं हेरलं होतं. वक्त्यावरचा विश्वास तीन गोष्टींतून येतो, असं तो सांगतो: त्याची समज, त्याची सचोटी आणि ऐकणाऱ्यांचं भलं व्हावं ही त्याची इच्छा. शिवाय हा विश्वास भाषणातूनच उभा राहायला हवा, आधीच्या नावलौकिकावर विसंबून चालत नाही, असंही तो म्हणतो. परिचयाची यादी कितीही लांबली, तरी बोलणाऱ्याला आपली पत तिथेच, सगळ्यांसमोर कमवावी लागते.

बाई पुढे म्हणाल्या, "दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हा मार्कशीट तांदळाच्या पितळी डब्यात लपवली. तळाशी. वडिलांची मिल नुकतीच बंद झाली होती. सहा महिने मी घरात पास झाल्याचं सोंग केलं."

त्या क्षणी मी कॅमेऱ्यातून मागच्या रांगा बघत होतो. पत्रिका हलायच्या थांबल्या होत्या.

"आईला ती केव्हाच सापडली होती. तिनं ती होती तशी ठेवून दिली. रोज त्याच डब्यातून ती तांदूळ काढत होती. हे मला दहा वर्षांनी कळलं."

रडा, असं त्या कुणालाही म्हणाल्या नाहीत. आवाज चढवला नाही. आईची थोरवीही सांगितली नाही. डबा, तांदूळ आणि तळाशी दडवलेला कागद एवढंच समोर ठेवलं. समोरच्या प्रत्येकाकडे असा एखादा कागद असतोच. ऐकता ऐकता त्यांची आई ज्याची त्याची आई झाली. आपल्या रसशास्त्रात याला साधारणीकरण म्हणतात.

मग त्यांनी सल्ला दिला: "घरी जे सांगायचं राहिलंय, ते आज सांगून टाका." हेच वाक्य पहिल्या मिनिटाला आलं असतं, तर उपदेश वाटून विरून गेलं असतं.

निरोपाच्या वेळी गुरूनं स्वतःचं उणं कबूल करावं, ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य म्हणतात, "यान्यस्माकं सुचरितानि। तानि त्वयोपास्यानि। नो इतराणि।" आमचं जे चांगलं असेल तेवढंच घे, बाकीचं नको. आमच्यात 'बाकीचं'ही आहे, हे त्यात आलंच. मला हे वाक्य फार मोठं वाटतं.

(दृश्य: विद्यापीठाची इमारत.)

नागपूर विद्यापीठ १९२३ सालचं. २००५ पासून त्याला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव आहे. महाराजांचं शालेय शिक्षण अगदी थोडं. पण खंजिरीवर भजन सुरू झालं की गावंच्या गावं गोळा व्हायची. स्वच्छता सांगणारा हा माणूस स्वतः हातात झाडू घ्यायचा, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याच २००५ साली ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्स अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पदवीधरांसमोर उभे राहिले आणि आपलं कॉलेजचं शिक्षण अर्धवट राहिलं, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं.

(दृश्य: रिकामं होत चाललेलं सभागृह.)

कार्यक्रम आटोपल्यावर बाईंकडे भाषणाचा कागद मागितला. त्यांनी निःसंकोच दिला. निळ्या शाईत दोन पानं. डब्याच्या परिच्छेदावर आडवी रेघ होती आणि समासात पुन्हा 'घेणे' असं लिहिलं होतं. त्याच परिच्छेदात 'स्टीलच्या' हा शब्द खोडून वर 'पितळी' केलेलं.

विचारलं तर म्हणाल्या, घरातली गोष्ट चारचौघांत सांगावी की नाही, ठरत नव्हतं. म्हणून सकाळी निघताना आईला फोन करून सगळं वाचून दाखवलं.

आई म्हणाली, "सांगून टाक ना वं. पन डबा पितळी होता, स्टीलचा नाई."