सानादांचा थोरला

श्रोतेहो, नमस्कार. जपानच्या शिनानो प्रांतात, म्हणजे आजच्या नागानोच्या डोंगराळ मुलखात, सानादा नावाचं एक लहानसं सामुराई घराणं होतं. त्यांच्या निशाणावर सहा नाणी असत. मेल्यावर सांझू नदी ओलांडायची, तिचं हे भाडं. आपल्या वैतरणीची बहीणच म्हणा ना! भाडं सोबत घेऊन लढणारी ही माणसं, पण मरायची घाई त्यांना बिलकूल नव्हती.

त्यांचे धनी ताकेदा १५८२ साली बुडाले. मग सानादा मासायुकीनं आज हा, उद्या तो, असे धनी बदलत आपला मुलूख राखला. १५८५ मध्ये तोकुगावा या बलाढ्य घराण्याची फौज त्याच्या उएदा किल्ल्यावर चालून आली आणि मार खाऊन परतली.

१६०० साली सगळा जपान दोन तटांत विभागला आणि हे घरही दुभंगलं. बाप आणि धाकटा युकिमुरा तोकुगावांच्या विरोधात, तर थोरला नोबुयुकी तोकुगावांकडे. कोणीही जिंको, घराणं तगावं म्हणून बापानंच हा डाव टाकला, असं सांगतात. मला त्यात सासुरवाडीचाही हात दिसतो. थोरल्याची बायको कोमात्सुहिमे ही तोकुगावांच्या नामांकित सेनानीची लेक, तर धाकट्याचा सासरा विरुद्ध गोटातला. नातवंडांना भेटायला आलेल्या सासऱ्याला कोमात्सुहिमेनं चिलखत घालून किल्ल्याच्या दारातूनच परत लावलं, अशी आख्यायिका आहे. सून असावी तर अशी!

तिकडे उएदात बापलेकांनी तोकुगावा हिदेतादाची सुमारे ३८,००० फौज अडकवून ठेवली. तो सेकिगाहाराच्या रणांगणाकडे पोचला तेव्हा निर्णायक लढाई संपली होती, आणि ती त्याच्या वडिलांनी, तोकुगावा इयेयासूनं, जिंकलेली होती. हरलेल्या बापलेकांची मुंडकी उडायचीच, पण थोरल्यानं आणि त्याच्या सासऱ्यानं रदबदली केली. शिक्षा हद्दपारीवर निभावली. मासायुकी १६११ मध्ये तिथंच, कोया डोंगराच्या पायथ्याशी वारला. युकिमुरा मात्र निसटून तोकुगावांच्या शत्रूंच्या ओसाका किल्ल्यात शिरला आणि १६१५ साली थेट इयेयासूच्या छावणीवर तुटून पडला. त्याच दिवशी तो मारला गेला.

नाटकं, कथा, खेळ सगळे युकिमुराचे. नोबुयुकीला कोण विचारतो? ज्यांनी भाऊ मारला त्यांचीच चाकरी त्यानं पुढं चाळीसहून अधिक वर्षं केली. १६२२ मध्ये त्याला वडिलोपार्जित उएदा सोडायला लावून मात्सुशिरोला धाडलं. तोही गेला. नव्वदी ओलांडून १६५८ साली वारला. मात्सुशिरोची गादी मात्र १८७१ मध्ये संस्थानंच खालसा होईपर्यंत सानादांकडेच राहिली.