बाबांचा अंगठा

(दृश्य : पासबुक छापणाऱ्या यंत्राची घरघर. पानावर उमटत जाणाऱ्या ओळी.)

पासबुकात दोन ओळी अनोळखी होत्या. १०,००० रुपये, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा १०,०००.

बाबांनी पासबुक माझ्यापुढे धरलं. "पैसे तू काढले काय रे?"

मी नाही म्हटलं. "मी तं बँकेत गेलोच नाही," ते म्हणाले. त्यांच्याकडे एटीएम कार्ड नाही. फोन बटणांचा. ओटीपी त्यांनी कोणाला सांगितला नव्हता, कारण ओटीपी आलाच नव्हता. काउंटरवरच्या बाईंनी नोंद उघडली आणि हळूच म्हणाल्या, "काका, अंगठा लावून काढले आहेत."

त्या दोन्ही दिवशी बाबा आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या घरी तापानं पडून होते.

(दृश्य : खेड्यातलं किराणा दुकान. काउंटरवर बोटाचा ठसा घेणारं छोटं यंत्र.)

या व्यवहाराला 'एईपीएस' म्हणतात. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि बोट, एवढ्यावर पैसे मिळतात. पिन लागत नाही. ज्या गावात शाखा नाही, तिथं बँकमित्राच्या, म्हणजे बँकेनं नेमलेल्या प्रतिनिधीच्या, या यंत्रावर म्हाताऱ्या बाईची निराधारची रक्कम निघते, तिचं तालुक्याला जाणं वाचतं. ही सोय बंद व्हावी असं मी कधीही म्हणणार नाही. पण यंत्रापुढं बोट कोणाचं आहे, हा प्रश्न जिवावरचा आहे.

ठसा चोरतात कसा? खरेदीखत आठवा. शेत विकलं, प्लॉट घेतला, की दस्तावर आपण अंगठा उठवतो. असे दस्त स्कॅन होऊन काही राज्यांच्या संकेतस्थळांवर गेले. चोरांनी त्यावरचे ठसे उचलले आणि रबरासारख्या पातळ पापुद्र्यावर उतरवले. तेलंगणात २०१८ मध्ये असेच ठसे वापरून हजारो सिमकार्डं सुरू केल्याचं प्रकरण उघडकीला आलं. पुढं हीच युक्ती बँकखात्यांकडे वळली. २०२३ मध्ये आधार प्राधिकरणानं ठसा जिवंत बोटाचा आहे की नकली, हे ताडणारी नवी तपासणी बसवली. आणि आधार क्रमांक? तो तर आपणच वाटत सुटलो आहोत. लॉजवर झेरॉक्स, क्लासच्या फॉर्मला झेरॉक्स, भाड्याच्या खोलीसाठी झेरॉक्स.

मी बाबांना हे सगळं समजावत होतो. ऐकून ते एवढंच म्हणाले, "पासवर्ड गेला तं तू दुसरा टाकतोस. मी दुसरा अंगठा कुठून आणू?"

(दृश्य : सिव्हिल लाइन्स. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाची दगडी इमारत. काळे कोट लगबगीनं आत जाताना.)

बाबांच्या या प्रश्नाचा एक धागा याच इमारतीतून जातो. शरद बोबडे नागपूरचे. इथल्याच विद्यापीठात शिकले, इथंच वीसहून अधिक वर्षं वकिली केली. पुढं ते सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१५ मध्ये आधारच्या सुनावणीत केंद्र सरकारनं म्हटलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं राज्यघटनेत कुठंच नाही. त्यासाठी १९५४ आणि १९६२ चे जुने निकाल पुढं केले. तेव्हाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठावर बोबडे होते, आणि त्या पीठानं हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्या नऊ जणांतही बोबडे होते. स्वतंत्र निकालपत्रात त्यांनी कौटिल्याच्या अर्थशास्त्राचा दाखला दिला : मालकाच्या संमतीवाचून दुसऱ्याच्या घरात शिरायला तिथंही मनाई आहे.

मला ही ओळ फार मोलाची वाटते. माझ्या बाबांचा अंगठा हे त्यांचं घरच आहे. कोणीतरी न विचारता आत शिरलं होतं.

(दृश्य : बर्डीवरचं झेरॉक्सचं दुकान. काचेवर ठेवलेलं आधार कार्ड, त्याखालून सरकणारा हिरवा उजेड.)

निकालानंतर कायदा यायला सहा वर्षं लागली. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर १८ महिन्यांची मुदत दिली आहे. म्हणजे २०२७ चा उन्हाळा. वाट फार लांबली, असं मला मनापासून वाटतं.

तरी त्यात एक गोष्ट आपल्या कामाची आहे. तुमची माहिती कशासाठी घेतो, हे घेणाऱ्यानं सांगायचं आहे. आणि ते मराठीतही वाचायला मिळालं पाहिजे, कारण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली कोणतीही भाषा निवडायची मुभा कायद्यानं दिली आहे. आपल्याकडे काउंटरवर कोणी आधार मागितलं की आपण निमूट पिशवीत हात घालतो. नागपूरकर भाजीवाल्याला दर विचारताना जेवढा ठाम असतो, तेवढाच ठाम इथंही झाला पाहिजे. "काहून पाहिजे?" एवढं विचारायचं. मग शेवटचे चारच अंक दिसणारं मास्क्ड आधार द्यायचं.

आमच्याकडून एक चूक झाली. पासबुक छापायला आम्ही तीन आठवडे उशिरा गेलो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात तीन कामकाजाच्या दिवसांना फार महत्त्व आहे : चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, अशा वेळी तेवढ्यात कळवलं तर ग्राहकावर भुर्दंड पडत नाही. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर आम्ही पासबुक छापलं त्याच संध्याकाळी फोन लावला. पैसे अजून आलेले नाहीत.

त्या रात्री बाबांच्या फोनवर आलेला ओटीपी विचारत मी त्यांच्या आधारचे बायोमेट्रिक्स, म्हणजे बोटांचे ठसे वगैरे, लॉक केले. आता हुबेहूब ठसा घेऊन कोणी बसला, तरी यंत्र नाही म्हणेल.

(दृश्य : नोव्हेंबर. सेवा केंद्रात पेन्शनरांची रांग.)

बाबा एसटीतून निवृत्त झाले. हयातीच्या दाखल्यासाठी दरवर्षी ते अंगठा लावतात. या वेळी रांगेत त्यांचा नंबर आला, तसं त्यांनी मला खुणावलं. मी फोनवरून लॉक थोड्या वेळासाठी उघडलं. त्यांनी यंत्र निरखून पाहिलं, समोरच्या मुलाला विचारलं, "हे कशाचं आहे बाप्पा?" मुलानं नीट सांगितलं. मग त्यांनी धोतराच्या सोग्याला अंगठा पुसला आणि काचेवर ठेवला.

पावती हातात आली. बाबा वळले. "झालं. लाव कुलूप."