चुन्याचे दोन हात

[ड्रोनमधून शहर, मे महिन्यातली दुपार]
साबरमतीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं हे अहमदाबाद. करडं सिमेंट, काळं डांबर, गंजलेले पत्रे. मध्येच हे पांढरे चौकोन दिसतात, ती घरांची छतं आहेत. त्यांना चुना लावलाय.

[डांबरी रस्ता, उन्हाच्या झळा]
नवं डांबर अंगावर पडलेल्या उन्हातलं जेमतेम ५ ते १० टक्के परत पाठवतं. बाकीचं मुरवून घेतं आणि दिवस मावळल्यावर रात्रभर बाहेर टाकत राहतं. मातीत, झाडांत ओल असते. तिची वाफ होताना उष्णता निघून जाते. सिमेंटला ती सोय नाही. म्हणून शहर भोवतालच्या शिवारापेक्षा तापलेलं राहतं, रात्री तर जास्तच. लंडनची रात्र आसपासच्या गावांपेक्षा उबदार असते, हे हवामानाचे इंग्लिश अभ्यासक ल्यूक हॉवर्ड यांनी दोनशे वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवलं होतं.

[खोलीच्या आतून पत्रा, पंखा]
इथे माळा नाही. पत्र्याखाली थेट माणसं.

[पिंपात चुना, आवाज तसाच ठेवावा]
हा कळीचा चुना. पाणी पडताच फुगतो, खदखदतो, वाफा सोडतो. या वेळी हात लांब ठेवायचा, भाजतो. रात्रभर विरू द्यायचा आणि सकाळी फडक्यातून गाळायचा. खडा राहिला, तर कुंचल्यामागे रेघा उमटतात. मग पकड यावी म्हणून थोडा डिंक.

[छत झाडणाऱ्या, धुणाऱ्या बायका]
तोवर छत तयार हवं. धूळ झाडायची, शेवाळ खरवडायचं, पाणी मारायचं. ऊन चढायच्या आत काम उरकायचं, कारण तापल्या पत्र्यावर चुना झटकन सुकतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात.

[कुंचला, जवळून]
पहिला हात आडवा, दुसरा उभा. ओला असताना चुना पाण्यासारखा दिसतो, लावला की नाही असं वाटतं. वाळता वाळता तो उजळतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याची पुन्हा चुनखडी होते, तोच हा पांढरा थर. आपल्याकडे सणाआधी भिंतींना लागायचा, तोच चुना इथे छतावर चढलाय. नव्या पांढऱ्या छतावरून बहुतेक ऊन आल्या वाटेनं परत जातं. खोलीत २ ते ५ अंशांचा फरक पडू शकतो.

[जुनी छायाचित्रं; रुग्णालयाची गच्ची]
मे २०१० मध्ये या शहरात पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात एरवीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. एका रुग्णालयात नवजात बाळांचा कक्ष सर्वांत वर, काळ्या डांबरी छताखाली होता. तो खाली हलवल्यावर उष्णतेनं आजारी पडणारी बाळं कमी झाली. २०१३ मध्ये शहराचा उष्णता कृती आराखडा आला. २०१७ मध्ये गरीब वस्त्यांतल्या सुमारे ३,००० छतांना चुना लागला.

[पांढऱ्या छतावर हात ठेवणारी बेन, निवेदन नाही]

[छतावरची धूळ]
धुळीनं पांढरेपण मळतं, पावसात चुना उतरतो. त्यामुळे दर उन्हाळ्याआधी नवा हात द्यावाच लागतो. त्याला खर्च येतो तो पिंपभर चुन्याचा आणि एका सकाळच्या कष्टाचा.

[संध्याकाळ, गल्ली]
पिंपात अर्धा चुना उरलाय. शेजारच्या घराला शिडी लागली आहे.