फोडणी रोजची, तयारी हंगामाची

(जळगावात महिलांच्या एका मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मैत्रिणींनो, बोलायला उभी राहण्याआधी मी पहिल्या दोन रांगांमध्ये एकच प्रश्न विचारत फिरले: तुमच्या फ्रीझरमध्ये आत्ता काय काय आहे? बर्फाचे ट्रे जवळपास सगळ्यांकडे निघाले. कुणाकडे मागच्या आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, आमरस आहे, कुणाकडे वाटाणे. एका ताईंकडे एक पिशवी आहे, पण ती कशाची ते त्यांना आता ओळखू येत नाही. म्हणजे दिवसरात्र वीज खाणारी ही जागा घरात आहे, आणि संध्याकाळी साडेसहाला आपण दमून घरात शिरतो तेव्हा तिचा आपल्याला काडीचा उपयोग होत नाही. त्या साडेसहाच्या वेळेबद्दलच आज बोलायचं आहे.

साठवण आपल्याला नवी नाही. चैत्र-वैशाखात आपल्या गच्च्या बघा. कुरडया, शेवया, ज्वारीचे पापड म्हणजे बिबडे. ज्वारी भिजवायची, भरडायची, घाटा शिजवायचा आणि चार घरच्या बाया मिळून उन्हं चढायच्या आत बिबडे घालून मोकळ्या. पुढं पावसाळाभर विस्तवावर भाजलं की झालं. यामागचं शास्त्र साधं आहे. अन्न नासवणाऱ्या जंतूंना पाणी लागतं. ऊन ते पाणी काढून नेतं. फ्रीझर पाणी काढत नाही, तो ते जागच्या जागी गोठवून टाकतो. उणे १८ अंशांना जंतूंची वाढ थांबते. पण लक्षात घ्या, ते मरत नाहीत, निजतात. अन्न पुन्हा कोमट झालं की तेही उठतात. म्हणून नासायला लागलेली भाजी फ्रीझरमध्ये टाकून सुधारत नाही. जे ठेवायचं ते ताजं असतानाच ठेवायचं.

मी घरी एक रीत पाळते. स्वयंपाकातला वेळखाऊ भाग फ्रीझरमध्ये जातो. फोडणी, भाकरी आणि वरून घालायची कोथिंबीर त्या त्या दिवशीची. पूर्ण जेवण करून गोठवायला मी सांगणार नाही. आपल्या जेवणाचा जीव फोडणीच्या वासात असतो आणि तो वास काही गोठत नाही.

आता भरीत घ्या. आपल्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते फिकट हिरवं, बिया कमी असलेलं लांबट वांगं थंडीत जसं मिळतं तसं उन्हाळ्यात मिळत नाही. माझं माहेर यावल तालुक्यातलं. डिसेंबर-जानेवारीत शेतात कपाशीच्या काड्या पेटवून पाच-सात किलो वांगी एकदम भाजतात. काड्यांचा जाळ भडकून पटकन बसतो, साल काळी ठिक्कर पडते, आतला गर लोण्यासारखा होतो आणि धुराचा वास थेट आतपर्यंत जातो. गॅसवर एक वांगं भाजताना तो वास येत नाही. मग इतका जाळ एका जेवणापुरता का करायचा? मी दहा किलो भाजून घेते. सोलून, देठ काढून, बडगीत म्हणजे ठेचायच्या लाकडी भांड्यात ठेचते. त्यात मीठ नाही, लसूण नाही, कांद्याची पात तर नाहीच. नुसता ठेचलेला गर. तो पूर्ण गार झाला की पाव-पाव किलो जाड पिशवीत भरते, हातानं दाबून हवा काढते आणि पिशवी आडवी ठेवून पाटीसारखी चपटी करते, बोटभर जाडीची.

ही चपटी पिशवी महत्त्वाची आहे. साधारण १९१२ ते १९१५ या काळात क्लॅरेन्स बर्ड्सआय नावाचा अमेरिकन माणूस आजच्या कॅनडातल्या लॅब्राडॉर भागात राहत होता. तिथले मूळ रहिवासी मासा पाण्याबाहेर काढत तेव्हा तो कडाक्याच्या वाऱ्यात बघता बघता गोठायचा आणि कित्येक आठवड्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागायचा. बर्ड्सआयनं त्यातलं मर्म ओळखलं. पदार्थ सावकाश गोठला की बर्फाचे खडे मोठे होतात, ते पेशींच्या भिंती फोडतात, आणि बाहेर काढल्यावर सगळं पाणी सुटून चोथा उरतो. झटपट गोठला तर खडे बारीक राहतात. १९३० साली अमेरिकेत गोठवलेल्या पदार्थांची जी दुकानातली विक्री सुरू झाली ती याच सूत्रावर. आपल्याकडे त्याची यंत्रं नाहीत, पण पिशवी चपटी करणं आपल्या हातात आहे. गोल गोळा आतपर्यंत गोठायला रात्र घेतो, पातळ पाटी काही तासांत गोठते. आणि सकाळी खालच्या कप्प्यात ठेवली की संध्याकाळपर्यंत सुटतेही.

मे महिन्यात, भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ वर असतो तेव्हा, मी ती पाटी काढते. थोडं पाणी सुटतंच, ते चाळणीत निथळू देते. तेलात शेंगदाणे, हिरवी मिरची, लसूण, खोबऱ्याचे काप, वरून कांद्याची पात. शेजारच्या शेगडीवर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. भट्टीसारख्या स्वयंपाकघरात मी पंधरा-वीस मिनिटं उभी राहते, आणि घरात काड्यांच्या धुराचा वास असतो. हे सुख मला फार मोठं वाटतं.

दुसरी गोष्ट रश्श्याच्या वाटणाची. शेवभाजी असो, पातोडी असो, डुबुकवडे असोत, पाया एकच: भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, आलं, लसूण, कोथिंबीर, काळा मसाला. ही तयारी पाऊण तास खाते आणि मिक्सर, तवा, पाटा सगळं घासायला पडतं. रविवारी दोन किलो कांद्याचं वाटण एकदम करा. तेलात परतून, तेल सुटेपर्यंत, गार करून बर्फाच्या ट्रेमध्ये भरा. गोठल्यावर वड्या काढून पिशवीत टाका. आमच्या चार माणसांना चार वड्या पुरतात. तुम्ही एकदा करून आपलं माप ठरवा. कढईत वड्या, वर गरम पाणी, उकळी आली की रस्सा तयार. शेव मात्र ताटात वाढतानाच. पातोडीही त्याच दिवशी थापा, बेसन घाटायला दहा मिनिटं लागतात.

हिरव्या तुरीचे दाणे, वाटाणे, हिरवा हरभरा या हंगामी गोष्टी बऱ्याच जणी सोलून तशाच पिशवीत भरतात आणि चार महिन्यांनी म्हणतात, गवतासारखे लागतात. चूक फ्रीझरची नाही. दाण्यांमध्ये विकरं असतात, म्हणजे एन्झाइम्स, आणि ती थंडीतही हळूहळू काम करत राहतात. त्यांना थांबवायला खळखळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं दाणे टाकायचे, लगेच बर्फाच्या पाण्यात काढायचे, सुती कापडावर पूर्ण कोरडे करायचे. मग ताटात एकेरी पसरून गोठवायचे आणि नंतर पिशवीत भरायचे. असं केलं की हवे तेवढे मूठभर निघतात, ढेकूळ फोडावं लागत नाही. मिरची, चिरलेली कोथिंबीर, आलं यांना हे उकळत्या पाण्याचं काम लागत नाही.

आमरसाबद्दल तुम्हाला काय सांगायचं! एवढंच, की डबा काठोकाठ भरू नका. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं. काचेची बरणी फुटते, झाकण उचलतं. दोन बोटं जागा ठेवा. मुलगी आखाजीला येऊ शकली नाही तर दिवाळीला तिच्या पानात रस पडतो.

बट्टीही उत्तम टिकते. बट्ट्या वाफवून घ्या, गार करून कापा, तळण्याआधी गोठवा. वरण शिजेपर्यंत बट्टी तळून होते. कणकेच्या पोळ्या अर्ध्याकच्च्या भाजून मध्ये कागद घालून राहतात. भाकरी राहत नाही. ज्वारीत गव्हासारखं पीठ धरून ठेवणारं ग्लूटेन नाही, ती काढल्यावर चिरफाळते. भाकरी तव्यावरचीच खावी, यात मी तडजोड करत नाही. उकडलेला बटाटा रवाळ होतो, काकडी पाणचट होते, दही फाटतं. हे ठेवू नका. पण एक गोष्ट जरूर ठेवा: बाजरीचं पीठ. त्यातल्या तेलामुळे ते आठवडाभरात कडवट व्हायला लागतं. फ्रीझरमध्ये बराच काळ चांगलं राहतं. शेंगदाण्याचा कूट, किसलेलं सुकं खोबरं, तीळ यांचा खवटपणाही तसाच टळतो.

आता आपल्या भागातल्या दोन काळज्या. पहिली उन्हाची. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये असा नियम आहे, पण ३२ अंशांच्या वर एकच तास. म्हणजे आपल्याकडे मार्च ते जून तो एकच तास धरा. डाळीचं भांडं बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवून ढवळा, लवकर गार होतं. उकळतं भांडं थेट फ्रीझरमध्ये घातलं तर शेजारच्या पिशव्या सुटतात.

दुसरी काळजी विजेची. काही वर्षांपूर्वी रोहिणीच्या वादळात आमच्या भागातली वीज गेली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. मी जिवाच्या घोरानं दर तासाला दार उघडून बघत होते, आणि तेच नको होतं. सगळं सुटलं. भरिताच्या अकरा पिशव्या खड्ड्यात घालताना मला रडू आलं. आईबरोबर शेतात बसून भाजलेलं शेवटचं भरीत होतं ते. तेव्हापासून मी नियम नीट शिकले. मोठा, गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडता सुमारे ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला २४ तास. फ्रिजच्या वरचा छोटा कप्पा त्याहून लवकर हार मानतो. म्हणून रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा. आणि गावाला जाणार असाल तर एका वाटीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वर असेल तर सगळं ठीक. तळाला गेलेलं असेल तर मागे वीज जाऊन सगळं वितळलं होतं आणि पुन्हा गोठलं, असं समजा. ते खाऊ नका. पिशवीत बर्फाचे कण अजून दिसत असतील तर मात्र परत गोठवायला हरकत नाही, चव थोडी उतरते एवढंच.

प्रत्येक पिशवीवर नाव, तारीख आणि किती माणसांचं ते लिहा. कागदाची चिकटपट्टी आणि साधा पेन पुरतो. फ्रिजच्या दारावर यादी लावा, काढलं की खोडा. हे मी टापटिपीसाठी सांगत नाही. आपल्या घरात काय कुठं आहे ते फक्त बाईलाच माहीत असतं, म्हणून ती आजारी असली तरी ओट्याशी तीच उभी राहते. पिशवीवर "रश्श्याच्या वड्या, चार घ्या, दोन पेले गरम पाणी" असं लिहिलेलं असलं की दहावीतला मुलगाही शेवभाजी करतो. आमच्याकडे हे मालक करतात, दर गुरुवारी, कारण त्या दिवशी मला यायला आठ वाजतात.

मागून एका ताईंनी विचारलं आहे: "आमचा एकाच दाराचा जुना फ्रिज आहे, त्यात जमेल का?" जमेल, पण बेतानं. त्या आतल्या छोट्या कप्प्यात बहुतेक वेळा उणे १८ गाठलं जात नाही. थर्मामीटर ठेवून एकदा बघा. आइस्क्रीम मऊ राहत असेल तर समजून जा. अशा कप्प्यात चार महिन्यांची साठवण करू नका, दोन-तीन आठवड्यांची करा. भिंतीवर बोटभर बर्फ साचला की फ्रिज बंद करून काढा, सुरीनं खरवडू नका, नळी फुटते. आणि सुरुवात वाटणाच्या एका ट्रेनं करा. बारा-चौदा वड्या, तीन संध्याकाळी. ते संपलं की मग पुढचं ठरवा.